भेगेवरची कागदी पट्टी

शुक्रवार, २ फेब्रुवारी १९९६

सगळ्यांत आधी टपकली ती वरच्या खोलीतली गुणाबाई! पाहुणे मुंबईचे, आमच्या सुनीतीचे, आणि ही नवं लुगडं नेसून खुर्ची धरून बसलेली. "द्रौपदीबाय, फोटू काढनार हायेत ना? तुमच्या डोक्यावरच तर राहतो आम्ही. माझा बी हक्क हाय." दोनदा चहा प्याली. बिस्किटंही बुडवली — पाहुण्यांची!

मग ते आले. एक सरोजिनीबाई — केस बारीक कापलेले, सुती साडी, पायात पुरुषी चपला — आणि एक कॅमेरावाला. त्यांच्या आर्किटेक्ट लोकांच्या मंडळाने 'दोन खोल्यांचं घर' अशी स्पर्धा ठेवली आहे. माझ्या नातीने, सुनीतीने, कुणाचं घर दिलं? आपलंच! नारपोलीचं! शेवटच्या पाचांत आलं. पहिलं आलं तर मासिकात फोटो आणि पोरीला बाईंच्या ऑफिसात नोकरी.

बाई आत आल्या. सुनीतीने मधली भिंत काढून वर लोखंडी गर्डर टाकलाय, त्याच्याखाली दोन मिनिटं उभ्या. मग धोट्यांच्या पडद्याला हात लावला. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा — झिजलेले दीडशे आणले होते भंगारातून, तारेत ओवले, स्वयंपाकाच्या बाजूला आडोसा केला. बाई म्हणाल्या, "हे भिवंडीच्या मुलीलाच सुचणार." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

आणि तेवढ्यात मला ती दिसली.

गर्डरचं डावं टोक शेजारच्या लूमच्या कारखान्याच्या भिंतीत आहे. भिंत सामाईक. त्या टोकाखालून एक भेग तिरकी उतरलेली, केसाएवढी, पार माझ्या खांद्यापर्यंत. सकाळी झाडताना नव्हती. का होती? जाऊन तिच्यापुढेच उभी राहिले, पदर ताणून. बाई म्हणाल्या, "आजी, तिथेच थांबा, फार छान दिसताय." निघाला फोटो! मी हसतेय, आणि पाठीला भेग.

रविवार, ४ फेब्रुवारी

सुनीती मासिक वाचून दाखवत होती. एका घराला भिंतीच नाहीत, नुसती काच! मी म्हटलं, पुसायचं कुणी? आर्किटेक्ट येतो का फडकं घेऊन? पोरगी हसून हसून लोळली. दुसऱ्या घरात जुन्या आगबोटीच्या फळ्यांचा जिना. ते आवडलं मला. टाकलेल्या वस्तूला घरात जागा देणारं माणूस वाईट नसतं.

ती हसत होती तेव्हा सांगायचं होतं. नाही सांगितलं. भिंत काढायची म्हणाली तेव्हा तिचा बाप, माझा दामू, म्हणाला होता, "भिंत आहे ती पोरी, खिडकीचा पडदा नव्हे." अख्खी गल्ली हसली होती. पोरीने चार रात्री जागून नकाशा काढला, कॉलेजातल्या सरांकडून तपासून आणला. आता मी तोंड उघडलं तर? लोक म्हणतील, बघा, शिकली नि घर पाडलं.

आणि नाही उघडलं तर? वर गुणाबाईची सून तुळजा. आठवा महिना.

सोमवार, ५ फेब्रुवारी

भेग तेवढीच आहे. तेवढीच वाटते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

त्या भिंतीवर बुद्धाचं चित्र असलेलं कॅलेंडर लावलं. माझी सून म्हणाली, "आई, सुनीतीने तिकडे खिळा मारायला नको सांगितलंय ना?" मी म्हटलं, सकाळी वंदनेला समोर दिसतं. खोटं बोलले! तेही वंदनेच्या नावाने.

रात्री तुळजा वर चालते तेव्हा पावलं मोजते मी. पोटुशी बाई जड चालते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज आमच्या ह्यांची आठवण झाली, आणि बरंच झालं. सावळाराम गवंडी म्हटलं की पडघ्यापर्यंत लोक ओळखायचे. भेग दिसली की ते तिच्यावर पातळ कागदाची पट्टी आडवी चिकटवायचे, दोन्ही टोकं घट्ट. पट्टी फाटली तर भिंत चालतेय. नाही फाटली तर नुसता गिलावा तडकलाय, पोटभर जेवा. मी त्यांना खळ कालवून द्यायची, तेवढीच माझी गवंडीकी.

रात्री लूम थांबल्यावर मैद्याची खळ केली. पतंगाच्या कागदाची पट्टी लावली, वर कॅलेंडर.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

नाही फाटली!! सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, दिवे लागल्यावर पाहिली. अखंड! नुसता गिलावा! उगाच मेली आठ दिवस जीव टांगून बसले. शिरा केला. गुणाबाईला वाटीभर दिला तर म्हणते, "आज काय विशेष? पोरीचं जमलं काय?" म्हटलं, भिंतीचं जमलं.

शनिवार, १० फेब्रुवारी

फाटली.

सकाळी सातची शिफ्ट सुरू झाली, भांडी नेहमीसारखी किणकिणली, आणि दहाच्या आत पट्टी मधोमध फाटली. मी फाटलेल्या कागदाकडे बघत बसले आणि मग डोक्यात उजेड पडला — काल शुक्रवार! काल लूमना सुट्टी! चाळीस वर्षं नारपोलीत काढली, शुक्रवारी इथे माशीचा आवाज येतो हे मला ठाऊक नाही? बंद गाडीत बसून म्हणाले, धक्के लागत नाहीत!

शिरा केला होता मी. शिरा!

फटीत आता नख जातं.

रविवार, ११ फेब्रुवारी

सांगितलं. कॅलेंडर काढलं आणि दाखवलं. सुनीतीने बोट फिरवलं भेगेवरून, मग पट्टीवरून.

"आजी, ही कधी लावलीस?"

"गुरुवारी."

"आणि भेग कधी दिसली?"

"पाहुणे आले तेव्हा."

"नऊ दिवस!" किंचाळलीच. "वर तुळजाकाकी आहे, आजी!"

मी म्हटलं, तुझं नाव जाईल म्हणून गप्प बसले गं. तर म्हणते, "नाव घेऊन काय करू, खाली माणूस मेल्यावर?" बरोबर बोलली. तिचा आजा असाच बोलला असता. मला रडूच आलं, तिलाही.

मग डोळे पुसून उठली. गर्डरच्या टोकाखाली दोन लाकडी टेकू लावून घेतले. वर जाऊन गुणाबाईला खोली सोडायला सांगितलं. गुणाबाई काय ऐकून घेते! "आर्किटेक झाली म्हनून आमाला रस्त्यावर काढते व्हय?" पण तुळजाची पिशवी तिनेच भरली. कोपऱ्यावरच्या बूथवरून सुनीतीने सरोजिनीबाईंना घरी फोन लावला. मी शेजारी उभी. "मॅडम, माझं नाव स्पर्धेतून काढा. माझ्या घराला भेग पडलीय. गर्डर माझा आहे." एवढंच बोलली. पलीकडून काय म्हणाल्या ते कळलं नाही. पोरीने फोन ठेवला आणि म्हणाली, "उद्या येतायत."

दामू सबंध दिवस गप्प. मला वाटतं, पोरीवर रागावलाय.

सोमवार, १२ फेब्रुवारी

बाई आल्या, बरोबर एक म्हातारे इंजिनिअर. टेकू बघितले, म्हणाले, "ठीक." गर्डरचं टोक हातोडीने ठोकून बघितलं, पोरीचा नकाशा मांडीवर घेऊन वाचला. मी कॅलेंडर छातीशी धरून उभी. मग म्हणाले, "मुली, तुझ्या कामात चूक नाही. गर्डर जिथे ठेवलास तिथेच आहे. भिंत त्याच्यापासून दूर चाललीय."

मागच्या गल्लीत जाऊन त्यांनी ओळंबा सोडला. मी ओळखते ना ओळंबा! दोरी सरळ, भिंत दोन बोटं बाहेर — कारखान्याच्या बाजूला. कारखान्याच्या वरच्या मजल्याकडे बोट करून विचारलं, "ह्या माळ्यावर काय आहे?"

कुणाला ठाऊक नव्हतं. दामूला होतं. तो त्याच कारखान्यात मेहता आहे, कामगारांची हजेरी लिहितो. मान खाली घालून म्हणाला, "आठ लूम चढवलेत. दिवाळीपासून."

"आणि माणसं?"

"दिवसपाळीला चाळीस. खाली-वर मिळून."

इंजिनिअर म्हणाले, आजच बंद करा. बाई कचेरीत जाऊन कारखान्याच्या शेठशी बोलल्या. तो म्हणाला, माल निघू दे, आठ दिवस थांबा, भिंत कुठे पळून जाते काय!

रात्री दामूला विचारलं, दिवाळीपासून तुला माहीत होतं? म्हणाला, "आई, मी मेहता. हजेरी लिहितो. भिंतीचं मला कोण विचारतं?" जेवला नाही. मी नऊ दिवस गप्प, तो साडेतीन महिने. कुणी कुणाला बोलायचं?

मंगळवार, १३ फेब्रुवारी. शेलार

शेलार गावात लेकीच्या, कमळाच्या घरी बसून लिहितेय. घर सोडलं. गुणाबाई आणि तुळजाही इथेच. गुणाबाई कमळाला भात शिजवायला शिकवतेय.

दामू सकाळी सातला ड्युटीवर गेला. हजेरीचं बुक उघडलंच नाही. मेन स्विच खाली ओढला आणि चाळीसच्या चाळीस माणसं बाहेर काढली. दाराला कुलूप घालून पायरीवर बसला. शेठ आला, म्हणाला, "दामू, पागल हो गया क्या? कल से मत आना." हा म्हणाला, "नहीं आऊँगा शेठ. पर आज अंदर कोई नहीं जाएगा." माझा दामू! शाळेत गुरुजींना हजर म्हणायलाही लाजायचा.

संध्याकाळपर्यंत भिंत उभी होती. तो अजून तिथेच आहे. पडली तर माझा पोरगा शहाणा, नाही पडली तर वेडा. वेडा ठरू दे.

बाई आणि इंजिनिअर नगरपालिकेचा माणूस घेऊन परत येतो म्हणालेत. सोमवारी, एकोणीस तारखेला. तोवर सहा दिवस माझ्या पोराने पायरीवरच बसायचं?