आबांपुढं घेतलेलं सोंग

तिसगाव,
ता. ४ एप्रिल १९७३

ती. दादा आणि रतनवहिनी यांना धाकट्या भीमाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमच्या पुणतांब्याला नदीत पाणी आहे का? इथं आडाचा तळ दिसतोय. मी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडतो. साहेबाची जीप दिसली की बसलेले सगळे हातोड्या उचलतात, जीप गेली की खाली ठेवतात. आमच्या जत्रेतल्या वगात एवढे झकास नट कधी नव्हते! यंदा वगच झाला नाही. त्यामुळं गाव मला राणीसाहेब म्हणायचं विसरलंय. चला, तेवढी तरी पीडा गेली.

दादा, हे पाल्हाळ लावलंय कारण खरी गोष्ट लिहायला हात धजत नाही. आबा परवा सोमवारी गेले.

तुला तार केली नाही. कशी करू? "माझा बाप आठ वर्षांपूर्वीच मेला" असं लिहिलेलं तुझं कार्ड माझ्या पेटीत आहे. लग्न करून आलात तेव्हा आबांनी वहिनींना उंबऱ्यातून परत लावलं, ते मी विसरलेलो नाही. पण दोन्ही डोळे गेलेला म्हातारा अंथरुणावरून रोज विचारायचा, "सूर्यभानाचं पत्र आलं का रं?" तेच कार्ड हातात धरून मी वाचून दाखवलं, "आबा, मी येतो. तुमचा सूर्यभान." म्हातारा लहान पोरासारखा रडला रे.

मग तुला आणणं आलं. आवाज काढणं मला अवघड नव्हतं. तुझ्या जुन्या करकरणाऱ्या वहाणा माळ्यावर होत्या. तुझ्यासारखी तंबाखूही खायला लागलो. अडचण केसांची होती. आबा माणूस हातानं चाचपून ओळखायचे, आणि माझे केस कमरेपर्यंत. बारा वर्षं वाढवलेले. वगातली माझी राणी त्या केसांवरच उभी राहायची. आणि त्याच केसांपायी आबांनी मला बारा वर्षं बायल्या म्हणून हाक मारली.

न्हाव्याला म्हटलं, काढ. वेणी तेवढी पेटीत ठेवली.

आबांनी माझं डोकं, मान, खांदे चाचपले आणि म्हणाले, "आलास रं माझ्या राजा." सव्वीस दिवस मी सूर्यभान होतो. आबांनी तुझी माफी मागितली, दादा. वहिनींचीही मागितली, नाव घेऊन. मी तुझ्या आवाजात म्हटलं, "झालं गेलं सोडा आबा." तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

शनिवारी ते म्हणाले, "भीमा कुठं हाय? हितं येत का न्हाई त्यो?"

"कामावर जातो, आबा."

"त्याला लई टाकून बोललो मी. लेकराच्या केसाला त्याची आय तेल लावायची. येकदा माझ्या हातानं लावू दे. बोलीव त्याला."

मी वहाणा काढल्या, चूळ भरली आणि माझ्या आवाजात बोललो, "आबा, मी भीमा." त्यांनी हात पुढं केला. डोक्यावरून फिरवला, मानेपर्यंत आणला आणि झटकन मागं घेतला. "सूर्यभाना, मरत्या बापाची थट्टा करतूस व्हय? भावाचं सोंग घेतूस?"

त्यांना सांभाळायला आलेली आपली गोजरआत्या कळवळून म्हणाली, "अरं, ह्यो भीमाच हाय, तुझ्या गळ्याची आन!" आबा म्हणाले, "तूबी सामील झालीस."

आत्यानं मला बाहेर ओढलं. "ती येनी बांध आन् जा," म्हणाली. मी पेटी उघडली, वेणी हातात घेतली. बांधली असती तर आबांनी नक्की ओळखलं असतं. पण दादा, स्वतःच्या बापापुढं स्वतःचंच सोंग घ्यायचं? नाही जमलं मला. राग आला, खरं सांगतो. बारा वर्षं जे केस सलत होते, ते आता हवे झाले, आणि मी आहे तसा चालत नाही! वेणी टाकली पेटीत आणि कामावर निघून गेलो. दोन दिवस त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ना तू म्हणून, ना मी म्हणून.

आत्या सांगते, शेवटपर्यंत तेलाची वाटी उशाशी धरून होते. भीमा आला का, विचारत होते.

वाटीतलं तेल मी वेणीला चोपडलं आणि सरणावर त्यांच्या हातात दिली. लोक बघत होते. बघू देत.

अकरा तारखेला दहावा आहे. तू ये, वहिनींना घेऊन ये. आबांनी तुझी मागितलेली माफी मी तुझ्या वतीनं ऐकून ठेवलीय, ती शब्दन् शब्द सांगतो. माझ्यासाठी जे ठेवलं होतं ते घ्यायला मी गेलो नाही. मला ते आता कोण देणार, दादा?

तुझ्या वहाणा पुसून दारात ठेवल्यात.

आबांनी शेवटपर्यंत वाट पाहिलेला,
भीमा