घाटावर नेलं

भिसेगाव, रविवार, दिवेलागण

आज कशेळ्याच्या वाचनालयात माझ्या सर्वांत लाडक्या कादंबरीवर बोलले. आवाज चढवून म्हणाले, आजारी नायकाचा असा मृत्यू मराठीत दुसरा नाही. तेवढ्यात भाजी विकणारी सुनंदा उठली. महिन्याला चार पुस्तकं नेते ती.

"बाई, मेला कुठं तो? घाटावर नेला ना त्याला. माझी नणंद दिली हाय घाटावर. तिकडची हवा बरी."

"मसणात नेला गं त्याला," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"मग मसण लिवायला लेखकाचा हात मोडला होता?" सुनंदा बसेना. "बाई, तुमी सांगा. मेला का नाय?"

शब्दांसाठी कधी न अडणारी मी म्हणाले, घरी जाऊन बघते.

बघितलं. शेवटचं वाक्य: 'पहाटे चौघांनी त्याला घाटावर नेलं.' मी घाट म्हणजे नदीकाठचं स्मशान धरलं होतं. पण इथे, घाटाखाली, आपण सगळे घाटावर म्हणजे वर, पुण्याकडे असंच म्हणतो की. मीही म्हणते. मग वाचताना का नाही सुचलं? 'चौघांनी' दिसलं तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. खांदेकरीच ते. मग आठवलं, डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणसालाही चौघेच डोलीतून नेतात.

घाटावर. लेखकाने नदी तरी कुठे दाखवलीय?

तीस वर्षं या पानावर रडले. आज पहिल्यांदाच वाटतंय, वर पोचल्यावर त्याला उतार पडला असेल का?