वकिलांचा गळा

४ ऑक्टोबर

नवे वकील रुजू झाले! आमच्या ऑफिसच्या कायदा विभागात. डोळ्यांना अजिबात दिसत नाही. पांढरी काठी, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज भरदार. साहेबांनी ओळख करून दिली आणि त्याच दमात माझ्याकडे वळले — "घ्या बाई, दिवाळी कार्यक्रमातल्या तुमच्या समूहगानाला मुख्य गायक मिळाला!"

"मला गाता येत नाही हो," वकील म्हणाले.

टायपिस्टबाई माझ्या कानाशी लागल्या — "किती नम्र!"

कुणी ऐकलं होतं त्यांना गाताना? कुणीच नाही. मलाही वाटलं, येतच असणार.

७ ऑक्टोबर

पहिली तालीम. अरे देवा! सूर पूर्वेला, वकील पश्चिमेला. पत्र्यावर खडी ओतावी तसं! क्षणभर वाटलं, माझेच कान बिघडले — कारण टायपिस्टबाई डोळे पुसत होत्या. "काय आर्तता! देव एक काढून घेतो, पण दुसरं देतो."

८ ऑक्टोबर

घरी नवऱ्याला वकिलांचं गाणं गाऊन दाखवलं. शेजारणीने येऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

१४ ऑक्टोबर

आज भलतंच झालं. तालीम पुन्हा विसकटली आणि साहेबांनी खापर फोडलं आमच्यातच गाणाऱ्या, स्टेशनरी सांभाळणाऱ्या भांडारवाल्यावर! का? तर तो ढेरपोट्या, सगळ्यांना हसवणारा. "तूच मुद्दाम बेसूर गातोस!" खरं तर आमच्यात सुरेल असेल तर तोच. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "उद्यापासून मी येत नाही," म्हणाला आणि निघून गेला.

चहाच्या वेळी वकील माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, तुम्हाला तरी ऐकू येतं ना?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"शाळेतही मला गाण्याच्या वर्गात बसवलं. मला बुद्धिबळ हवं होतं! खरं सांगितलं की लोक म्हणतात, विनय. बरं, मला हसू येतं त्याचं. पण माझ्या गळ्याची शिक्षा त्याला नको."

१५ ऑक्टोबर

साहेबांना स्पष्ट सांगितलं. व्यर्थ. टायपिस्टबाई तर दिवसभर बोलल्या नाहीत. "अशा माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?"

१८ ऑक्टोबर

हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहिते. भांडारवाल्याची समजूत काढली, वकील तर एका पायावर तयार होते. दोघांना फायलींच्या कपाटामागे उभं केलं. बाकीचे समोर बसले. एकेकाने गायचं, आवाज ओळखायचा.

पहिला आवाज. साहेब डोळे मिटून डोलायला लागले. "वकीलच! असा सूर दुसऱ्या कुणाचा?" — कपाटामागून बाहेर आली ती भांडारवाल्याची ढेरी!

पण दुसरा आवाज सुरू झालाच होता. साहेब सवयीने ओरडून गेले, "पुरे कर रे भांडाऱ्या!" — आणि बाहेर आले वकील, कमरेत वाकून.

मग साहेबच खो-खो हसत सुटले. उठून भांडारवाल्याचा हात धरला. "चुकलो रे. मुख्य गायक तू." कार्यक्रमाचं निवेदन वकील करणार — त्यांना तेच हवं होतं!

टायपिस्टबाई मात्र हटल्या नाहीत. "हे अपवाद हो. ह्यांच्यासारखे बाकीचे सगळे सुरेलच असतात."

"किती जणांना ओळखता तुम्ही?" मी विचारलं.

"ह्यांनाच एकट्यांना."

वकिलांनी तर टाळीच दिली त्यांना.

२१ ऑक्टोबर

वकिलांनी घरी चहाला बोलावलं. एकटा माणूस, कुठे स्वयंपाक करत बसणार, म्हणून एका जणाला पुरेल एवढं जेवण डब्यात भरून नेलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मागे तीन मुलं, एकमेकांच्या झिंज्या ओढत.

"मी एकटा राहतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" वकिलांनी विचारलं.

कुणीच नाही.