फुटलेल्या भागीदारीतल्या दोन मखमली खुर्च्या

शहापूर,
वैशाखातला बुधवार, दुपार (जीप सुटायच्या आत)

श्री. साडूभाऊ कुंडलिकराव यांस शहापूरहून अनिलचा नमस्कार.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? कमळताईंचं पित्त? मुरबाडला नळाला पाणी ठरल्या दिवशी येतं, की तेही तुमच्यासारखं शब्द देऊन येत नाही? (हा टोमणा आहे, टोमणा म्हणूनच घ्यावा.) हे पत्र पोस्टानं धाडलं तर उद्याचं लग्न होऊन पोरीला मूलसुद्धा होईल, म्हणून मुरबाडच्या जीपवाल्या पंढरीच्या हाती देतोय. तुमचा फोन कालपासून नुसता घुं घुं करतो. पंढरी समोरच्या टपरीवर भजी खातोय. त्याची प्लेट संपेपर्यंत मला लिहायचं आहे, आणि तो भराभर खाणारा माणूस आहे.

तर दिवाळीत आपली मंडप-भांड्यांची भागीदारी मोडली. का मोडली हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझा राग नीट पेटत नाही. नवरा-नवरीच्या त्या दोन लाल मखमली खुर्च्या, सिंहाच्या तोंडाच्या, तुम्ही मला न विचारता कल्याणहून आणल्यात. मी भांडलो. तुम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलेले, त्यामुळे कायदा तुमच्या जिभेवर. म्हणालात, धंद्यासाठी एका भागीदारानं केलं ते दोघांनी केलं. मी म्हटलं, मग असला कायदा नको आणि भागीदारीही नको. सासऱ्यांच्या ओटीवर बसून वाटणी झाली : भांडी निम्मी निम्मी, मंडपाचं कापड मला, खुर्च्या तुम्हाला. (तेव्हासुद्धा ते सिंह माझ्याकडेच बघून तोंड वासत होते.) आपल्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे जेवण मात्र एकाच पंगतीत झालं. मला वाटलं, विषय मिटला.

आज सकाळी मी पातेली उन्हात पालथी घालत होतो, तेवढ्यात उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरचा गोमा दारात येऊन बसला. उद्या सकाळी त्याच्या काजलचं लग्न. मार्गशीर्षात टोकावड्याकडे त्याच्या पाहुण्यांच्या लग्नाला तुम्ही खुर्च्या घेऊन गेला होतात, तिथे काजलनं त्या पाहिल्या आणि बापाकडे तेवढंच मागणं मागितलं. गोमानं तिथल्या तिथे तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. आणि काल त्याला तुमचा निरोप गेला की मुरबाडला त्याच दिवशी मोठ्या घरचं लग्न आलंय, मला जमणार नाही, शहापूरला अनिलकडे जा. वा साडूभाऊ! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मी त्याला शांतपणे (तुमची मेहुणी नम्रता म्हणते, ओरडून) सांगितलं की आम्ही वेगळे झालो, कुंडलिकच्या शब्दाशी माझं देणंघेणं नाही. तो जागचा हलला नाही. म्हणाला, “तुमी फुटलेत ते मला कोनी सांगला नाय. भांड्यांवर तर अजून दोघांची नावा हायत.”

आता हे खरं आहे. ताट म्हणू नका, पळी म्हणू नका, सगळ्यावर ‘कुंडलिक-अनिल’ असं कोरलेलं आहे, तुमच्याकडच्याही आणि माझ्याकडच्याही. (एका परातीवरचं तुमचं नाव मी कानशीनं घासून पाहिलं होतं. नाव अर्धं गेलं आणि परात गळायला लागली.)

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, म्हणून मी कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसतात त्या वकीलसाहेबांकडे गेलो. गोमा मागोमाग. वकीलसाहेबांनी विचारलं, भागीदारी मोडल्याचं लोकांना जाहीर केलंत का? मी म्हटलं, सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, सासरे म्हणजे जनता नव्हे. जाहीर नोटीस दिली नाही तोवर बाहेरच्या माणसाला तुम्ही दोघं एकच, आणि एकाचा शब्द दुसऱ्याच्या गळ्यात. मग मला तुमचंच जुनं ज्ञान आठवलं की करार पुरा व्हायला मोबदला लागतो. मी विचारलं, याने दिलंय काय? नुसता कोरडा शब्दच ना? वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

गोमा म्हणाला, “डोंगरचा मध दिला ना डबाभर. कुंडलिकशेट बोलला, यातला अर्धा अनिलचा.”

साडूभाऊ, संक्रांतीला तिळगुळाबरोबर कमळताईंची जी बरणी आली, ती हीच का? मी रोज सकाळी भाकरीशी तो मध खाल्ला, बरणीच्या तळाला बोट घालून चाटला, आणि खाताखाता मनातल्या मनात तुम्हाला माफसुद्धा करत आणलं होतं. तो मोबदला आहे हे कुणी सांगितलं असतं तर मी निदान चाटताना विचार केला असता. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, प्रकरण कोर्टात गेलं तर गोमाला नुकसानभरपाई मिळेल. गोमानं ते म्हणजे काय ते समजून घेतलं आणि मान हलवली. “पैसं नको. पोरीला सांगून बसलोय.”

मला लाज वाटली, तुमचा राग आला, आणि आता भीतीही वाटते आहे. मंडप ते लोक स्वतःच जांभळीच्या फांद्यांचा घालणार आहेत, पातेली-पराती मी टेम्पोत चढवल्या. पण उद्या वऱ्हाड पाड्यावर चढेल तेव्हा ती पोरगी बापाच्या तोंडाकडे बघेल, आणि बाप माझ्या तोंडाकडे. मी कोणाकडे बघू?

पंढरीनं हॉर्न मारला. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुम्हाला यांतलं काय लागू पडतं ते तुम्हीच ठरवा.

भागीदारीतून सुटलो असं समजून बसलेला,
अनिल

ता. क. : खुर्च्या याच जीपच्या टपावर बांधून पाठवा. मुरबाडचं लग्न संध्याकाळी गोरजावर आहे असं पंढरी सांगतो, आणि उंबरमाळीचं सकाळी. दुपारी खुर्च्या मी स्वतः तुमच्या दारात आणून टाकतो. मखमलीला हळदीचा डाग पडला तर पुसूनही देईन.

ता. क. २ : गोमाला मी सांगून टाकलंय की खुर्च्या येतील, आणि कुंडलिकही येईल पंगत वाढायला. तुम्हाला विचारलं नाही. एका भागीदारानं सांगितलं ते दोघांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही बांधले गेला आहात. शिवाय दिवाळीपासून एकट्यानं पंगती सांभाळताना मला जराही मजा आलेली नाही, हेही आता लिहूनच टाकतो.

ता. क. ३ : जीप रिकामी आली, तर काजलला काय सांगायचं ते तुमच्या हातानं कागदावर लिहून द्या. मी पाड्यावर जाऊन तिला वाचून दाखवीन. खाली माझ्या सहीलाही जागा सोडा.