बर्फातली बाबागाडी

डेन्मार्क, १५ जानेवारी
(गावाचं नाव लिहीत नाही. मला ते उच्चारता येत नाही, आणि लिहिलं तर तू नकाशात शोधशील आणि ते किती वर आहे हे बघून घाबरशील.)

आईच्या जागी असलेल्या देसांकाताईला धाकट्या तिहोमिरचा वाकून नमस्कार.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तू शेगडीजवळ बसलेली असशील अशी आशा आहे. नसलीस तर आधी जाऊन बस, मग वाच. तुझे गुडघे कसे आहेत? जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घेतेस ना? माझ्या कोंबड्या अंडी घालतात का? (घालत नसल्या तरी खरं ते कळव, मी खचणार नाही.) माझ्याबद्दल म्हणशील तर मी जिवंत आहे आणि दोन्ही कान जागेवर आहेत. डाव्या कानात थोडं फडफडतं, पण ते व्हिएन्नापासूनचं आहे, त्याचा आता मला लळा लागला आहे.

ताई, निघताना फाटकात उभी राहून तू जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. तू म्हणालीस, "तिहोमिर, वीस तारखेला स्लावा आहे. आपल्या घराण्याच्या संताचा दिवस, बोलावणं न पाठवता अर्धं पिरोत गाव जेवायला येणार, आणि पाव कापायला घरचा पुरुष नसला तर मी बाबांच्या फोटोकडे कोणत्या तोंडाने बघू?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की अठरा तारखेला मी घरात असेन. (छातीवर तेव्हा तीन बनियन आणि एक स्वेटर होता, म्हणून हात जरा लांब राहिला, पण शब्द तो शब्दच.) हे सगळं पत्र त्याच शब्दाबद्दल आहे. मधेच मी दुसरीकडे वळलो तर रागावू नकोस. मी सहावीत शाळा सोडली, मुद्द्यावर येणं सातवीत शिकवत असावेत.

आता तू विचारशील, की एकाहत्तर वर्षांच्या, साधा पडदा हलला तरी कान बांधणाऱ्या माणसाला भर जानेवारीत पाठीवर पिशवी टाकून ट्रेनने युरोप हिंडायची दुर्बुद्धी का झाली. दोष स्रेतेनचा. तुला ठाऊक आहे, अग्निशमन दलात गाडी चालवण्यात जन्म गेल्यामुळे ज्याच्यापासून बाकीची माणसं पळतात तिकडे तो धावतो. तो म्हणाला, म्हाताऱ्यांना रेल्वेचा पास स्वस्तात मिळतो आणि हिवाळ्यात प्रवाशांची वसतिगृहं रिकामी असतात. रिकामी का असतात, हे त्याला कुणी विचारलं नाही. बुदिमिर लगेच तयार झाला, कारण तरुणपणी जर्मनीत स्क्रूच्या कारखान्यात दोन वर्षं काढल्यापासून आपल्याला जर्मन येतं असा त्याचा समज आहे आणि तो खरा करून दाखवायची संधी त्याला मिळत नव्हती. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. स्रेतेन म्हणाला, "याला नको विचारूस. हा अंगणात जायचं तरी हवामानाच्या बातम्या ऐकतो." म्हणून मी आलो. माणसाला भित्रा म्हटलं की तो शूर होत नाही ताई, फक्त मूर्ख होतो, आणि मूर्ख व्हायला मला कधीच फार वेळ लागला नाही.

माझी पिशवी तू भरताना पाहिलीस. सॉसेज, मिरच्यांचं लोणचं, पायाला चोळायची आलुबुखाराची दारू (थोडी पोटालाही लागते), आणि माझी लोकरीची रजई. चाळीस वर्षं लोकांच्या रजया शिवल्या. परक्याच्या पांघरुणात लोकर किती आणि लबाडी किती हे मला हात लावताच कळतं. मी वसतिगृहाच्या पांघरुणात कसा झोपू? पण ती रजई पाठीवर बांधली की मागून बघणाऱ्याला वाटतं, रजईच प्रवासाला निघाली आहे आणि बरोबर एक म्हातारा नोकर घेतला आहे. व्हिएन्नाला ट्रेनच्या दारात मी असा अडकलो की बुदिमिर आतून ओढत होता, स्रेतेन बाहेरून ढकलत होता आणि मी मधोमध, पुढे गरम, मागे गार, म्हणजे आरपार वाऱ्याच्या ऐन तोंडावर. दोब्रिवोयेकाकांचं तोंड अशाच वाऱ्याने वाकडं झालं होतं. (डॉक्टर वेगळं काही म्हणाले, पण डॉक्टर तेव्हा खोलीत नव्हते, खिडकी होती.)

जर्मनीत वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघे आणि चौथा एक्केहार्ड नावाचा पिकलेला गृहस्थ. चांगला माणूस. सकाळी उठला, आम्हाला हसून मान लववली आणि खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फ पडत होता. मी उठून खिडकी लावली. त्याने हसून उघडली. मी हसून लावली. असं आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. शेवटी मी बुदिमिरला म्हटलं, "अरे, तुला येतं ना जर्मन, सांग त्याला, मी मरेन म्हणून." बुदिमिरने अंथरुणातूनच दोन वाक्यं फेकली. एक्केहार्डचा चेहरा पांढरा पडला. त्याने धावत जाऊन खिडकी लावली, माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि दिवसभर माझ्याकडे डोळ्यांत पाणी आणून पाहत होता. मागाहून कळलं, बुदिमिरला फक्त कारखान्यातली वाक्यं येतात. तो म्हणाला होता, "मशीन बंद करा! माणूस आत सापडलाय!"

आता मुद्दा. काल दुपारी आम्ही या गावात गाडी बदलायला उतरलो. इथून मी एकटा परतीची गाडी धरणार होतो, ते दोघे पुढे नॉर्वेला. तिकीट, मफलर, शब्द, सगळं तयार होतं. गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनसमोरच्या कॅफेत सूप प्यायचं ठरलं. ते दोघे आत गेले. मी नेहमीप्रमाणे मागे, कारण आत शिरण्याआधी दारासमोर दुसरं दार, म्हणजे आरपार वारा, नाही ना, हे मी बघून घेतो. तेवढ्यात भिंतीशी मला एक बाबागाडी दिसली. बर्फ भुरभुरत होता, मी आत डोकावलो. ताई, आत मूल! जिवंत, झोपलेलं, नाकाचा शेंडा लाल. आजूबाजूला कुणी नाही. रस्त्याने माणसं जात होती. एक बाई थांबली, गाडीत बघून हसली आणि चालती झाली! मी म्हटलं, काय दगडाच्या काळजाचे लोक हे, पोर टाकून गेलंय कुणीतरी आणि यांना हसू येतंय.

मी आयुष्यात मूल मांडीवर घेतलेलं नाही. लग्न केलं नाही, कारण प्रत्येक मुलीच्या घरात समोरासमोर खिडक्या होत्या. पण त्या क्षणी मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी पाठीवरची रजई सोडली, त्या पोराला कानापर्यंत गुंडाळलं, गाडी ढकलत रस्ता ओलांडला आणि थेट स्टेशनातलं प्रतीक्षागृह गाठलं. बोट ओलं करून वारा कुठून येतो ते पाहिलं, बिनवाऱ्याचा कोपरा निवडला, गाडी तापलेल्या हीटरला टेकवली आणि बाजूला पहारा देत बसलो. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. पिरोतच्या वर्तमानपत्रात काय छापून येईल तेही मी मनात जुळवत होतो.

तिकडे कॅफेच्या काचेतून त्या दोघांनी मला जाताना पाहिलं होतं. स्रेतेन म्हणाला, "अरे, तिहोमिरने मूल कुठून पैदा केलं?" बुदिमिर म्हणाला, "सूप पी. त्याचं प्रत्येक स्टेशनवर काहीतरी असतंच." हे माझे मित्र!

बाळ उकाड्याने जागं झालं. टोमॅटोसारखं लाल होऊन त्याने असा टाहो फोडला की मला वाटलं थंडी आधीच छातीत गेली, म्हणून मी रजई आणखी घट्ट केली. मी गाणं म्हटलं, तर ते जास्त रडलं. मग दार उघडलं आणि त्याची आई आली, मागे कॅफेतली सगळी गिऱ्हाइकं, त्यांच्या मागे दोन पोलीस. एक पोलीसबाई तर दारातून वाकून आत आली, एवढी उंच. आई पोराला छातीशी धरून माझ्यावर ओरडत होती, मी हात वर करून तिच्यावर ओरडत होतो, की टोपीच्या आत कानपट्टी का नाही बांधली! माझं तिला कळत नव्हतं, तिचं मला. बुदिमिरला बोलावून आणलं. तो टाचा जुळवून उभा राहिला आणि पोलीसबाईला जर्मनमध्ये म्हणाला, "मालात दोष नाही. माणूस कामावर नवीन आहे." इथल्यांना जर्मन समजतं, ताई. तिने वही बंद केली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मग तिने मला हातवारे करून समजावलं. इथे पोरांना मुद्दाम बाहेर झोपवतात. आई आत कॉफी पिते, पोर बाहेर बर्फात झोपतं, तीच इथली रीत. बाहेरच्या हवेत पोरं चांगली झोपतात आणि वाढतात म्हणे. मी मान हलवत होतो, असं होणंच शक्य नाही. तर ती स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, मीसुद्धा. मी तिच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं, मला त्यासाठी मान मागे टाकावी लागली, आणि माझा वाद तिथेच संपला. आईचं नाव मारेन. तिने गाडी पुन्हा बाहेर नेऊन बर्फात उभी केली, आणि ते कार्टं, जे माझ्या गाण्याने थांबलं नाही, ते तिथे लगेच झोपलं. माझी रजई अजून त्याच्या अंगावर होती. मारेनने टाके बोटाने चाचपून पाहिले, उलट बाजूनेही पाहिले. (उलट बाजू बघणारं माणूस मला पंधरा वर्षांत भेटलं नव्हतं.) ती काढून माझ्याकडे देऊ लागली, तर माझा हात पुढे होईना. मी म्हटलं, राहू दे. हे मात्र तिला भाषांतराशिवाय कळलं.

या सगळ्यात माझी गाडी निघून गेली. तेव्हा ताई, परिस्थिती अशी आहे, की मी परक्या देशात पोलीस प्रकरणात सापडलो आहे, कायद्यापुढे कुणाचं चालत नाही, आणि वीस तारखेला मी पोहोचेन की नाही हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू समजून घेशील. शेजाऱ्यांना आशीर्वाद, पाद्रीबुवांना नमस्कार, आणि झोपताना मागचं दार लाव.

कायद्याच्या हाती सापडलेला तुझा भाऊ,
तिहोमिर

ता. क. यंदाचा पाव तू काप. आता "मी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली" वगैरे सुरू करू नकोस. पीठ तू मळतेस, वरची नक्षी तू काढतेस, पाहुण्यांसाठी गहू तू शिजवतेस, आणि मी इस्त्रीचा सदरा घालून शेवटी सुरी हातात घेतो. चुलतभाऊ मिलादिन सुरीजवळ घुटमळेल, गेली कित्येक वर्षं त्याचा डोळा आहे. त्याला जवळ येऊ देऊ नकोस. कुणी हरकत घेतली तर हे पत्र दाखव, म्हणजे फक्त हे पान. पोलिसांचं पान दाखवू नकोस.

ता. क. २. किंवा तेही दाखव. माझ्या अटकेची बातमी पसरली तर स्रेतेनच्या मते आपल्या घराण्याचा दरारा वाढेल. तसं पोलिसांनी मला कालच सोडलं. पोलीसबाईने कॉफी पाजली आणि वर बिस्किट दिलं.

ता. क. ३. तू आता म्हणशील, हे पत्र ज्या बसने आलं त्याच बसने तू का नाही आलास. स्वीडनहून आपल्याकडे जाणारी ती बस, ड्रायव्हर वुकोमान, मूळचा नीशचा, तुला पत्र देताना भेटेलच. त्याच्याकडे एक जागा रिकामी होती. तो दोनदा म्हणाला, "चढा काका, परवा घरी असाल." मी एक पाय पायरीवर ठेवलाही होता. तेवढ्यात मागून स्रेतेन म्हणाला, "जा जा, ताई वाट बघत असेल," आणि ताई, त्याच्या आवाजात सुटकेचा इतका निःश्वास होता, इतकं सुख होतं, की माझा पाय आपोआप खाली आला. एकाहत्तर वर्षांत घराकडे जाणारी एकही बस मी सोडली नव्हती. ही सोडली. (बस अजून उभी आहे, वुकोमान कॉफी पितो आहे, तेवढ्यात हे लिहून पत्र त्याच्या हाती देतो.) उद्या आम्ही नॉर्वेला निघतो. तिथे म्हणे या दिवसांत सूर्यच उगवत नाही. मला भयंकर भीती वाटते आहे आणि मी जाणार आहे.

ता. क. ४. पाव उलटा धर, क्रॉससारखे दोन छेद दे, वाइन मधोमध ओत, सांडली तर सांडू दे. सगळं पिरोत बघत असेल म्हणून तुझा हात थरथरेल. थरथरू दे. माझाही दरवर्षी थरथरतो, बाबांचाही थरथरायचा. लोकांना ती भक्ती वाटते.