आखाला गुंडाळलेली चिंधी

असोदा,
६ ऑक्टोबर १९९१

प्रिय सरदार,

माझं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. फाडलंस तरी माझं तोंड नाही तक्रार करायला, पण आधी वाच. परवा दुपारपासून मी सुन्न झालोय. जेवण जात नाही. चार वर्षांपूर्वी तुझ्या जळगावच्या दुरुस्तीच्या दुकानात मी तुझी कॉलर धरली होती, त्याच हाताने हे लिहितोय.

तुला हसू येईल, पण मी आता घरीच राजदूत फटफटी दुरुस्त करतो. त्या अपघातानंतर शपथच घेतली होती, गाडी पुन्हा कुठल्याही मेकॅनिकच्या हाती द्यायची नाही. स्टँडवरून एक पुस्तक आणलं, नट खोलायचे पाने आणले आणि ओट्यावर बसलो. पहिल्याच दिवशी कार्ब्युरेटर खोलला. जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले. प्रमिला म्हणाली, ठेवा आता देव्हाऱ्यात! हळूहळू हात बसला. प्लग, पॉइंट, क्लच प्लेटा, बठ्ठं जमायला लागलं. खोललेला प्रत्येक नट क्रमाने परातीत मांडायचा, हे मात्र पुस्तकातलं नाही, तुझं. तुझ्या नावाने बोटं मोडत होतो आणि तुझ्याच पद्धतीने काम करत होतो. लाज नाही मेल्याला.

गावात लोक 'लोटन फिटर' म्हणायला लागले तसा मी फुगलो. एकच काम राहिलं होतं, मागचा ब्रेक. परवा म्हटलं, चालत्या गाडीवर नको, आधी जुन्या चाकावर हात साफ करू. अपघातात वाकलेलं ते चाक तसंच गोठ्याच्या माळ्यावर पडलं होतं. काढलं, झटकलं, ओट्यावर आणून ड्रम उघडला.

सरदार, आत वंगण होतं. काळं, थिजलेलं, बैलगाडीचं वंगण! ज्यांनी कोरडं राहूनच चाक धरायचं, ते तू नवे बसवलेले ब्रेक लायनर त्यात बरबटलेले, आणि आखाला गुंडाळलेली चिंधी. हिरवी. प्रमिलाच्या जुन्या लुगड्याची.

तू लायनर बसवलेस आणि दोन दिवसांनी दसरा होता. सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. आमचे आबा ओट्यावरून म्हणाले, "चाक ते चाक, त्याले वंगन पाहिजेच." मला पटलं! बैलगाडीला घालतो तसंच, मागचं चाक उतरवलं, एरंडेलात भिजवलेली चिंधी आखाला गुंडाळली, शिवाय बोटभर वंगण ड्रमच्या आत चोपडलं, हळदकुंकू लावलं. त्याच संध्याकाळी प्रमिलाला मागे बसवून तुझ्याकडे सोनं द्यायला निघालो होतो. रेल्वे फाटकाच्या उतारावर ब्रेक दाबला, नुसता दाबला, काहीच झालं नाही. पुढचा ब्रेक तर नावालाच होता. केळीच्या गाड्यावर जाऊन आदळलो आणि प्रमिलाचा पाय मोडला. ती अजून लंगडते.

तू तेव्हा एकच विचारलं होतंस, "चाकाला हात लावला होतास का?" मी ओरडून नाही म्हणालो. खोटं बोललो नाही रे, आईची आण! वंगण म्हणजे पूजा, पूजेला कोणी दुरुस्ती म्हणतं का? माझ्या डोक्यातच आलं नाही. मग डेअरीवर, स्टँडवर, केळीच्या वखारीत, भेटेल त्याला सांगत सुटलो की सरदारने माझी बायको मारलीच होती. असोद्याचं एक गिऱ्हाईक तुझ्याकडे ठेवलं नाही. सकीनावहिनी दवाखान्यात डबा घेऊन आल्या, तोही मी दारातून परत पाठवला. तू दुकान बंद करून धुळ्याला गेलास हे कळलं, तेव्हा मी खुश झालो होतो. हेही लिहून टाकतो.

प्रमिलाने ती चिंधी ओळखली. आपल्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आधी सरदारभाऊले कागद लिहा."

काल मी डेअरीवर चाक मांडून सगळ्यांसमोर सांगितलं. मग वखारीत, मग स्टँडवर, जिथं जिथं तुझं नाव घालवलं होतं तिथं सगळीकडे. आबा म्हणाले, आता गाडलेलं कशाला उकरतोस. त्यांनाही पहिल्यांदा उलट बोललो. पण ज्याला ऐकवायचं तो धुळ्याच्या देवपुरात आहे. म्हणून हे पत्र. दसऱ्याला आम्ही दोघं येतोय, एस.टी.ने, माझ्या दुरुस्तीवर बसून धुळ्यापर्यंत यायला प्रमिला तयार नाही. चाक पुसलेलं नाही, तसंच पोत्यात बांधलंय. तुझ्या दुकानासमोर ठेवीन. तुझी गिऱ्हाईकं जमली की मला तोच प्रश्न पुन्हा विचार, चाकाला हात लावला होतास का? चार वर्षं उशीर झालाय, पण या वेळी मी हो म्हणेन.

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझाच,
लोटन