शेवटचे अठरा किलोमीटर

ता. ४ मार्च

प्रिय मुंगी,

तू कशी आहेस, मेहुण्यांची तब्येत बरी आहे ना, असं विचारून सुरुवात करतो. अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याला दुसरं काय सुचणार? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे. आई जिना चढताना मधल्या पायरीवर बसते आणि म्हणते, "शेजारणीनं दरवाजा रंगवलाय, तो जरा बघते." दरवाजा गेली सहा वर्षं तोच आहे.

मी अजून सहलीच्या कार्यालयातच आहे. खिडकीजवळचं टेबल, मागे भिंतभर नकाशा. सकाळपासून लोक समोर येऊन बसतात. कुणाकडे तीन दिवस असतात, कुणाकडे दहा, आणि प्रत्येकाला सगळा देश हवा असतो. काल एक जोडपं आलं होतं. तिला डोंगर हवे, त्याला समुद्र हवा, आणि रजा पाच दिवसांची. मी दोघांना सरोवर दिलं. भांडत आले होते, हसत गेले. मी मात्र संध्याकाळी खुर्चीवरून उठतो तेव्हा सगळीकडे पायी जाऊन आल्यासारखे गुडघे दुखतात.

मुद्द्यावर येतो. आईला देश बघायचाय. परवा जेवताना एकदम म्हणाली, "तू जगाला फिरायला पाठवतोस. मला कधी पाठवणार?"

मी विचारलं, "किती दिवस जायचंय?"

"तुमच्याकडे सगळ्यात मोठी सहल कितीची आहे?"

"एकवीस दिवसांची."

"मग तीच दे. लहान माप मला लहानपणापासून मिळालंय."

मी तिच्यासाठी बसून आखणी केली. पहिले चार दिवस पूर्वेची वाळू. तिथून गाडीनं वर खिंडीत, मग बर्फाच्या डोंगरांत पाच दिवस. उतरताना सरोवर, नंतर सूचिपर्णी जंगल, तिथं लाकडी घरांत मुक्काम. मग नदीचं सपाट खोरं, दोन दिवस होडीतून. आणि शेवटी समुद्र. आईनं तो कागद आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय आणि केस विंचरताना वाचते.

एकविसाव्या दिवशी, म्हणजे मेच्या अखेरीस, आम्ही बंदराच्या गावी पोचू. स्टँडसमोर स्वच्छ हॉटेल आहे. तू तिथं येऊन आईला भेटशील का? तुझ्या घरापर्यंत येणं जमेलसं दिसत नाही. पुढचा रस्ता आईला झेपायचा नाही, असं मला वाटतं.

कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझा
दादा


ता. २६ मार्च

प्रिय मुंगी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू पाच लिहिल्यास. अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक शब्द पुढच्याला ढकलत चालल्यासारखं. सगळी मुंग्यांची रांग.

तू लिहितेस, "बंदराच्या गावापासून माझं घर अठरा किलोमीटर आहे. रोज दोन बस येतात. हे रोज सायकलवरून त्याच रस्त्यानं भाजी आणतात. तुमच्या मार्ग-पुस्तकात 'शेवटचे अठरा किलोमीटर रस्ता खराब, मुक्कामास अयोग्य' असं छापलंय, ते एका वाट चुकून आलेल्या पाहुण्यानं आम्हाला दाखवलं. हे कोणी लिहिलं?"

पुस्तक जुनं आहे. नोंदी वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या असतात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर मागच्या वर्षीची नोंद पुढच्या वर्षी तशीच छापली जाते. मी चौकशी करतो.

दुसरी बातमी आईची. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. हृदय थकलंय. उंचावर न्यायचं नाही, उन्हात न्यायचं नाही. मी घरी येऊन आरशाजवळचा कागद काढला. कसं सांगावं याचा विचार करत होतो, तर आईनं पेन्सिल मागितली आणि डोंगरांवर सरळ काट मारली. मग वाळूवर.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाळूचं काय वाईट वाटायचं? जन्मभर केरसुणीनं तेच झाडलंय."

"आणि डोंगर?"

"ते कुठं पळून जात नाहीत. समुद्र राहिलाय ना? झालं तर."

एकविसाचे बारा दिवस झाले. सरोवर, जंगल, नदी, समुद्र. मला तिचं हे शहाणपण जरा चमत्कारिक वाटलं. एवढ्या हौसेनं मागितलेली गोष्ट माणूस एवढ्या सहज सोडत नाही.

आमच्याकडे एक जुना ड्रायव्हर आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याला हळू बोलता येत नाही. तो परवा सगळ्या कार्यालयादेखत म्हणाला, "साहेब, ती बंदराच्या पुढची नोंद कोणाची हो? मी रिकामी गाडी वळवायला तिकडं गेलो होतो. रस्ता ताटासारखा सपाट आहे! कोण शहाणा गेला होता तिथं?"

आमच्याकडे एक नियम आहे, म्हणून तो असं म्हणाला. रस्ता ज्यानं स्वतः पाहिला त्यानंच त्याची नोंद लिहायची आणि खाली सही करायची. न पाहिलेल्या रस्त्यावर कुणी सही करत नाही. आमच्या धंद्यात एवढी एकच इभ्रतीची गोष्ट आहे. सहीवर भरवसा ठेवून म्हातारी माणसं, लहान मुलं गाडीत बसतात.

मी भोंग्यालाही म्हणालो, चौकशी करतो. हल्ली मी पुष्कळ चौकशा करतो.

अकरा वर्षांपूर्वीच्या डेपोतल्या त्या संपाबद्दल तू कार्डात काहीच लिहिलं नाहीस, पण ते मला न लिहिलेलंही वाचता येतं. संप बरोबर होता, मुंगे. सलग सोळा तास गाडी चालवायला लावणाऱ्यांच्या विरुद्ध तो होता, आणि आज कुणी उठवून विचारलं तरी मी हेच सांगेन. डेपोच्या पटांगणात मी दोन तास बोललो, त्यातला एकही मुद्दा मला आज खोडता येत नाही.

फक्त एक वाक्य सोडून. ते कोणतं, ते तुला माहीत आहे.

आई झोपलीय. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. अजून दीड-दोन महिने अवकाश आहे, पण ऐकते कुठं!

तुझा
दादा


ता. १९ एप्रिल

मुंगे,

या वेळी खुशाली विचारत नाही. आधी सांगायचं ते सांगतो, नाहीतर पुन्हा सरोवराचं वर्णन करत बसेन.

आई सहा दिवस दवाखान्यात होती. आता घरी आहे, उशाला तीन उशा लावून बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्यायचं असेल तर आत्ताच न्या. थोडं थोडं अंतर, मध्ये विश्रांती. आणि परतीचा विचार करू नका."

घरी येऊन मी आईसमोर कागद धरला. "आई, आता तीनच दिवस होतील. जंगल नाही, नदी नाही. फक्त शेवटचा समुद्र."

तिनं कागद घेतलाच नाही. म्हणाली, "एवढंच तर हवं होतं मला."

"मग एकवीस दिवस कशाला मागितलेस?"

"सरळ म्हटलं असतं, मला माझ्या लेकीकडे ने, तर तू भाषण ठोकलं असतंस. तुझ्या भाषणाला बाहेर टाळ्या पडायच्या आणि घरात भांडी. म्हटलं, देशभर फिरून दमला की शेवटी तिच्या दारात तरी नेईल. तर हा गाढव अठरा किलोमीटर अलीकडेच थांबला!"

ती पुढे म्हणाली, "ते पुस्तक अकरा वर्षं या टेबलावर पडलंय. मला चष्मा लागलाय, आंधळी नाही झाले. त्या नोंदीखालची सही मी रोज बघते. पाचवीत असताना तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझी म्हणून करायचास, तिच्यासारखीच खोटी आहे."

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती नोंद मी लिहिली.

संप मोडल्यावर डेपोतली नोकरी सुटली आणि सहा महिन्यांनी मी कार्यालयातल्या या टेबलावर आलो. पहिल्याच महिन्यात नव्या मुक्कामांची यादी समोर आली. त्यात तुमचं घर होतं. पाच खोल्या, समुद्राकडे खिडक्या, जेवण घरचं. तुझंच अक्षर. मी त्या रस्त्यानं कधी गेलो नव्हतो. तरी लिहिलं, रस्ता खराब, मुक्कामास अयोग्य. आणि खाली सही केली. चार शहरांतली कार्यालयं हेच पुस्तक वापरतात. दर वर्षी नवी आवृत्ती माझ्या हातून गेली, आणि दर वर्षी ते पान मी जरा भरभर उलटलं. हजारो माणसांना मी त्या किनाऱ्यावर पाठवलं, आणि एकेकाला तुझ्या दाराच्या अलीकडून परत फिरवलं.

कारण तू पटांगणातून उठून गेली होतीस. बावीस प्रवासी वर खिंडीत अडकले होते, बर्फ यायला लागलं होतं, म्हणून मेहुणे संपाच्या दिवशी डेपोची गाडी घेऊन गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला घरी येऊन सांगितलंही होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी माइकवरून म्हणालो, "आपल्यातला एक जण विकला गेलाय." नाव घेतलं नाही, आणि स्वतःला समजावलं की नाव घेतलं नाही. चारशे माना एकाच दिशेला वळल्या होत्या. खोटं बोलतोय, हे मला बोलतानाच माहीत होतं. पण सभा रंगात आली होती.

गेल्या शनिवारी शेजारीणबाईंना आईजवळ बसवून मी निघालो. आईनं विचारलं, कुठं? म्हटलं, रस्ता बघून येतो. ती म्हणाली, "बघ बाबा. लवकर बघितलास."

रविवारी सकाळी बंदराच्या गावाहून तुमची पहिली बस धरली. अठरा किलोमीटर मी खिडकीला नाक लावून मोजले. मिठागरं, एक अरुंद पूल, शाळा, दगडी कुंपण, मग वळण आणि एकदम पाणी. कुठंही खड्डा नाही. एक तरी असावा असं वाटत होतं, तोही निघाला नाही.

बस तुमच्या फाटकासमोरच वळते. पाच खिडक्यांपैकी तीन फळ्या ठोकून बंद केलेल्या दिसल्या. पाटीवरची अक्षरं उडालीत. मेहुणे शिडीवर चढून पन्हळ दुरुस्त करत होते. त्यांनी मला पाहिलं. हात केला नाही, पाठही फिरवली नाही. शिडी धरून तसेच उभे राहिले. बस तिथं दहा मिनिटं थांबते. चारशे माणसांसमोर दोन तास बोलणारा मी, मला दहा मिनिटांत एक वाक्य जुळवता आलं नाही. त्याच बसनं परत आलो.

सोमवारी मी आमच्या मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ती नोंद खोडायला लावली आणि माझा सहीचा अधिकार काढून घेतला. आता मी फक्त तिकिटं देतो. योग्य केलं त्यांनी. मग दुपारच्या चहाला ड्रायव्हरांच्या खोलीत गेलो. त्यातले निम्मे तेव्हा पटांगणात होते. त्यांना सांगितलं, तो माणूस विकला गेला नव्हता, बावीस जीव खाली आणायला गेला होता, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भोंगा म्हणाला, "साहेब, एवढं छोटं भाषण तुमचं पहिलंच." आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

यानं तुझ्या तीन खिडक्या उघडत नाहीत, हे मला कळतं. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण अकरा वर्षांपुढे तो शब्द फारच हलका वाटला, म्हणून खोडला.

आता आईची सहल लिहितो. माझ्या हातची ही शेवटचीच.

पहिला दिवस, बुधवार, २९ तारीख. सकाळी मोटारीनं निघणं, दर तासाला थांबा, दुपारनंतर प्रवास नाही. गाडी भोंगा चालवणार आहे, रजा टाकून. भोंगा वाजवणार नाही असं कबूल केलंय.

दुसरा दिवस, गुरुवार. नदीकाठच्या रस्त्यानं बंदराचं गाव. पूर्ण विश्रांती.

तिसरा दिवस, शुक्रवार. बंदराच्या गावाहून तुझं दार. सकाळी दहाला पोचू.

त्यापुढे मी काही लिहिलेलं नाही. ते आई आणि तू ठरवा. तिला समुद्राकडची खोली दे, फळ्या काढायला लागल्या तर मी लवकर येऊन काढतो. परतीची जागा माझ्या एकट्याचीच धरलीय. मी फाटकाच्या आत यावं की नाही, ते मेहुण्यांना विचार. त्यांनी नको म्हटलं तर मी गाडीतच बसेन, तुम्ही आईला उतरवून घ्या. मी आईला म्हणालो, तिनं दार उघडलं नाही तर? ती म्हणाली, "उघडेल. ती तुझ्यावर गेलेली नाही."

पुस्तकात आता माझी सही चालत नाही. तुला चालत असेल तर खाली केली आहे.

बंदराचं गाव ते तुझं घर, अठरा किलोमीटर. रस्ता चांगला आहे. मी स्वतः जाऊन पाहिला.

दादा